बारीक दोऱ्याचा न्याय

इसापाच्या नीतिकथांतील तळ्याकांठच्या मुलांची व बेडकांची गोष्ट ज्याला ठाऊक नाहीं असा मराठी वाचक विरळा. मुलें गमतीनें दगड टाकीत असतात आणि अखेर एक बेडूक डोकें वर काढून त्यांस सांगतो कीं, बाबांनो, तुमचा खेळ होतो पण आमचा जीव जातो. गोष्ट येथें संपते. परंतु समजा, त्या मुलांपैकीं एखादा विचारी मुलगा पुढें होऊन म्हणाला असता, "गड्यांनो, मोठे दगड टाकणें हा अन्याय आहे. आजपासून आपण बारीक खडेच घेऊं, म्हणजे बेडकांनाहि निसटण्याची संधि मिळेल," तर त्या मुलाची योग्यता आपण काय ठरविली असती? तो इतरांहून दयाळू खरा. परंतु मोठ्या दगडाच्या एका घावांत जो बेडूक मेला असता त्याला आतां वीस खडे सोसावे लागणार, हा हिशेब त्याच्या ध्यानांत आला नाहीं.

हा केवळ कल्पनेचा प्रश्न नव्हे. गळानें मासे धरण्याचा ज्यांस छंद आहे अशा इंग्लंड-अमेरिकेंतील सुशिक्षित लोकांपुढें तो फार दिवसांपासून उभा आहे. आमचें लक्ष त्याकडे वेधलें तें एका विद्यार्थ्यामुळें. आयझॅक वॉल्टनच्या 'कंप्लीट अँगलर' ह्या ग्रंथाचा वर्गांत परिचय करून देतांना आम्ही सांगितलें कीं, हे लोक मुद्दाम बारीक दोरा वापरतात, माशाला बराच वेळ खेळवितात, आणि अलीकडे तर पुष्कळदां त्याला पुन्हा पाण्यांत सोडून देतात. तेव्हां कोंकण किनाऱ्यावरील कोळ्याच्या घरांतला एक मुलगा उभा राहून म्हणाला, "सर, आमचे बाबा मासा लागला कीं ताबडतोब ओढून घेतात. त्याच्याशीं खेळत नाहींत." वर्ग हंसला. आम्हीहि हंसलों, पण तें वाक्य मनांतून जाईना.

प्रथम ह्या कलेचें स्वरूप थोडक्यांत सांगणें अवश्य आहे. आमच्याकडे कोंकणांत ज्याला गरवणें म्हणतात त्यांत गळाला खरें आमिष असतें. येथें पिसें, लोंकर व रेशीम गळाभोंवतीं गुंडाळून पाण्यावरील किड्यासारखी एक खोटी माशी बनवितात आणि लवचीक काठीनें ती ट्राउट किंवा सामन माशाच्या पुढ्यांत अलगद टाकतात. माशीला वजन नसतें. म्हणून ती दूर नेण्याचें काम जाड, वजनदार दोरी करते, आणि त्या दोरीच्या टोंकाशीं माशाच्या नजरेस न पडेल असा अगदीं बारीक दोरा जोडलेला असतो. आमचा सगळा वाद ह्या शेवटच्या दोन-चार हात दोऱ्याचा आहे.

वॉल्टनचा ग्रंथ १६५३ सालीं निघाला. १६७६ सालच्या पांचव्या आवृत्तींत त्याचा तरुण मित्र चार्ल्स कॉटन ह्यानें खोट्या माशीच्या विद्येवर दुसरा भाग जोडला. त्या काळीं दोरा घोड्याच्या शेपटीच्या केसांचा असे. गळाजवळ दोनच केस असावेत, आणि झाडझुडूप नसलेल्या नदींत तेवढ्यावर वीस इंची ट्राउट ज्याला आणतां येत नाहीं त्यानें स्वतःला गळकरी म्हणवूं नये, असा कॉटनचा अभिप्राय आहे. ह्यांत नीतीचा विचार मुळींच नाहीं, हें ध्यानांत ठेवण्यासारखें आहे. डव्ह नदीचें पाणी स्वच्छ, मासे चाणाक्ष. जाड दोरा दिसला कीं ते पळत. बारीक दोरा ही गरज होती, आणि कॉटनचा अभिमान कारागिराचा होता.

वॉल्टनच्या दयाळूपणाचाहि एक नमुना येथें नमूद करतों. पाइक नांवाच्या हिंस्र माशासाठीं जिवंत बेडूक गळाला कसा ओंवावा हें सांगतांना तो बजावतो कीं, हें काम त्या बेडकावर आपलें प्रेम असल्यासारखें करावें, त्याला होईल तितकी कमी इजा करावी. कां, तर तो जास्त वेळ जिवंत राहावा! ही कोमलता बेडकाच्या कामाची कीं गळकऱ्याच्या, हें सांगणें नको. कवि बायरननें १८२३ सालीं 'डॉन जुआन'च्या तेराव्या सर्गांत वॉल्टनवर जी जहरी टीका केली तिच्या मुळाशीं हीच चीड होती.

पुढें घोड्याच्या केसांची जागा रेशमाच्या किड्यानें घेतली. कोश विणण्याच्या बेतांत असलेला किडा शिरक्यांत भिजवून त्याच्या रेशमाच्या ग्रंथी ताणल्या म्हणजे त्यांचा पारदर्शक तंतु होतो. स्पेनमधील मुर्सिया प्रांत ह्या धंद्याकरितां प्रसिद्ध होता. हा तंतु आणखी बारीक करावयाचा तर सोनार जशी तार छिद्रांच्या पोलादी पट्टींतून ओढतो तसा तो ओढीत. त्या ओढण्यावरून 'एक्स'चे क्रमांक रूढ झाले. आज शून्य एक्स म्हणजे इंचाचे अकरा सहस्रांश जाडीचा दोरा, आणि सात एक्स म्हणजे अवघे चार सहस्रांश. १९३८ सालीं अमेरिकेंत नायलॉन जाहीर झालें. आमच्या किनाऱ्यावर ज्याला तंगूस म्हणतात तो हाच दोरा. त्यानें किड्याची सुटका केली, पण बारीकपणाची चढाओढ थांबविली नाहीं.

बारीक दोऱ्याला नीतीचें वस्त्र चढलें तें एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस. चाकें, काठ्या व गळ इतके सुधारले कीं मासा धरणें सोपें होऊं लागलें; आणि जें सोपें झालें तें कठीण करून घेणें हें सभ्यतेचें लक्षण ठरलें. इंग्लंडांत फ्रेडरिक हॅलफर्डनें १८८६ व १८८९ सालच्या आपल्या ग्रंथांतून तरंगत्या माशीचें शास्त्र मांडलें. त्याच्या अनुयायांनीं त्याचा जवळजवळ धर्मच बनविला. अमेरिकेंत कॅलिफोर्नियाजवळच्या कॅटलिना बेटावर लोक जाड हातदोऱ्यांनीं मोठमोठे मासे ओढून त्यांची नासाडी करीत. तें पाहून कष्टी झालेल्या चार्ल्स फ्रेडरिक होल्डर ह्या निसर्गाभ्यासकानें १८९८ सालीं ट्यूना क्लबाची स्थापना केली. काठी व ठराविक जाडीचाच दोरा वापरावा, माशाला तोडून जाण्याची संधि द्यावी, असा नियम झाला. त्याच वर्षीं होल्डरनें १८३ पौंडांचा ट्यूना धरला. त्याला सुमारें पावणेचार तास लागले. पुढें ह्या क्लबांत सहा फूट लांबीची, सहा औंस वजनाची काठी आणि सहा पदरी दोरा असा आणखी हलका वर्गहि निघाला.

होल्डरच्या हेतूविषयीं आम्हांस आदरच वाटतो. ज्या काळीं धरलेला मासा मरणारच होता त्या काळीं ह्या नियमाला खरा अर्थ होता: मारले जाणारे मासे कमी झाले. परंतु ह्या नियमाला धर्मयुद्धाची जी उपमा कित्येक देतात ती मात्र आम्हांस पटत नाहीं. महाभारतांत युद्धाच्या आरंभीं रथीनें रथ्याशीं व पायदळानें पायदळाशींच लढावें, शस्त्र टाकलेल्यावर घाव घालूं नये, असे नियम ठरले. पण ते कौरव व पांडव ह्या दोघांनीं मिळून ठरविले. येथें करार एकाच पक्षानें केला आहे. हरला तर गळकऱ्याची एक माशी जाते. माशाच्या जबड्यांत मात्र गळ रुतून राहतो.

आणि पुढें तर ह्या खेळाचा हेतूच बदलला. चांगला मासा एकदांच धरण्यापुरता स्वस्त नाहीं, असा विचार ली वुल्फ ह्या अमेरिकन गळकऱ्यानें १९३९ सालीं मांडला. धरावा आणि सोडून द्यावा. १९७३ सालीं यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानांत तेथल्या मूळच्या कटथ्रोट ट्राउटसाठीं हाच नियम झाला. येथेंच जुन्या नीतीची बाजू उलटली. मासा जगावा हा हेतु असेल तर त्याला दमविणें हें औदार्य नसून अपाय आहे. पण सवय हेतूपेक्षां दीर्घायुषी असते. वीस क्रमांकाच्या चिमुकल्या माशीवर वीस इंची ट्राउट धरणें ही प्रतिष्ठा राहिली, आणि आंतरराष्ट्रीय विक्रमांच्या वह्यांत खोट्या माशीसाठीं दोन पौंडांवर तुटणाऱ्या दोऱ्यापासून निरनिराळे वर्ग कायम राहिले.

दमणें म्हणजे काय हें शास्त्रज्ञांनीं पाहिलें आहे. १९८३ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगांत सहा मिनिटें सक्तीनें पळविलेल्या ट्राउटांपैकीं सुमारें ४० टक्के पुढल्या कांहीं तासांत मेले. १९९२ सालीं कॅनडांतील फर्ग्युसन व टफ्ट्स ह्यांनीं दमलेल्या ट्राउटांची परीक्षा केली: जे पाण्याबाहेर काढलेच नाहींत त्यांतले १२ टक्के मेले, ज्यांना अर्धा मिनिट हवेंत धरलें त्यांतले ३८, आणि ज्यांना एक मिनिट धरलें त्यांतले ७२. दमलेला मासा सोडल्यावर शेपटी हलवीत निघून जातो, गळकरी समाधानानें घरीं येतो, आणि मरण मागाहून, कोणाच्या दृष्टीस न पडतां येतें. पाणी उबदार असेल तर त्यांत प्राणवायु कमी, आणि मग स्थिति अधिकच बिकट.

दुसरी बाजू सांगितली नाहीं तर आमच्याकडून अन्याय होईल. यलोस्टोन नदीवर १९८६ सालीं प्रसिद्ध झालेल्या पाहणींत असें आढळलें कीं, तेथील कटथ्रोट ट्राउट एका हंगामांत सरासरी ९.७ वेळां धरला जातो आणि दर वेळीं मरणाचें प्रमाण फक्त ०.३ टक्के असतें. म्हणजे थंड पाण्यांत, चटकन् आणलेला व नीट सोडलेला मासा जगतो. शिवाय बारीक दोऱ्यानेंहि काठी आडवी धरून मासा लौकर आणणारे कुशल हात आहेत. तेव्हां दोष एकट्या दोऱ्याचा नाहीं. दोरा निवडतांना कोणाच्या मापानें मोजलें ह्याचा आहे. पाणी नितळ आहे म्हणून लागेल तितका बारीक दोरा घेणें हें कॉटनचें माप. तें समजण्यासारखें आहे. आपलें कौशल्य उजळून दिसावें म्हणून त्याहून बारीक घेणें हें मात्र दुसऱ्याच्या श्वासावर केलेलें प्रदर्शन होय.

स्वित्झर्लंडनें २००८ सालच्या नियमांनीं सोडून देण्याच्या हेतूनें मासे धरण्यासच बंदी केली. इतक्या दूर जावें कीं नाहीं ह्याविषयीं मतभेद होतील, आणि ज्यांनीं कधीं काठी हातांत धरली नाहीं अशा आम्हीं त्यावर निकाल देणें शोभणार नाहीं. परंतु एवढें खास म्हणतां येईल कीं, स्वतःवर निर्बंध घालून घेणें हें तेव्हांच पुण्याचें, जेव्हां त्याचा भार स्वतःवरच पडतो. व्रत आपलें आणि उपवास दुसऱ्याला, असा प्रकार असेल तर त्याला कितीहि सुंदर नांव दिलें तरी तो खेळच. बलवानानें दाखविलेल्या औदार्याची मोजदाद दुबळ्याच्या बाजूनेंच झाली पाहिजे, हा नियम नदीकांठापुरता नाहीं; घरांत, शाळेंत व राज्यकारभारांतहि तोच आहे.

त्या दिवशीं वर्गांत उठून बोललेल्या मुलाच्या वडिलांनीं वॉल्टन वाचला नसेल. मासा त्यांच्या घरच्या ताटांत जातो, आणि तो त्यांस हवा आहे हें ते लपवीत नाहींत. पण मासा लागल्यावर ते उशीर करीत नाहींत. तीन शतकांच्या चर्चेंतून जी गोष्ट पंडितांस अखेर कळली ती त्यांना रोजच्या कामांत ठाऊक होती; आम्ही मात्र तिला हंसलों होतों.