फक्त आग जपानची

क्योटो शहरात दाइतोकुजी या बौद्ध मठाच्या आवारात कोहोआन नावाचं एक लहान मंदिर आहे. तिथं पेटीत जपून ठेवलेला एक वाडगा आहे. चहा प्यायचा. रंग पिवळट तपकिरी, बुडाशी झिलई साकळून दाणे आलेले, घडण ओबडधोबड. 1951 साली जपान सरकारनं त्याला राष्ट्रीय ठेव्याचा दर्जा दिला. त्याचं नाव 'किझाएमॉन इदो'.

हा किझाएमॉन कोण? तुम्ही म्हणाल, कुंभार असेल. नाही. तो ओसाकाचा व्यापारी, वाडग्याचा एक मालक. दंतकथा अशी की तो भिकेला लागला तरी त्यानं वाडगा विकला नाही, पिशवीत घालून गळ्यात अडकवून फिरला. पुढे तो मात्सुदाइरा फुमाई या सरदाराकडे गेला, आणि त्या घराण्यानं मठाला दिला. मालकांची अशी सगळी वंशावळ तोंडपाठ आहे. ज्यानं तो चाकावर काढला तो सोळाव्या शतकातला कोरियन कुंभार. त्याचं नाव कुठंच नाही.

गळ्यातलं भांडं म्हटलं की आपल्याला वेगळंच आठवतं. पेशवाईत पुण्याच्या रस्त्यावर आपल्या पणज्या-खापरपणज्यांच्या गळ्यातही मडकं होतं, थुंकी भुईवर पडू नये म्हणून. बाबासाहेबांनी 1936 च्या 'अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट'मध्ये ते लिहून ठेवलंय. तेव्हा मातीचं भांडं ही आपल्याला निव्वळ कौतुकाची वस्तू नाही. ते कोणी केलं, कोणाच्या हातात गेलं, कोणाच्या नावानं विकलं गेलं, हे आपण विचारणारच.

हे आत्ताच लिहायचं कारण असं. आपल्या शहरांतल्या छोट्या गॅलऱ्यांत आता हातघडणीची भांडी मांडतात. जपानी धाटणीची. मी अशा एका प्रदर्शनात तासभर फिरलो. भांडी सुंदर होती, हे आधी सांगून टाकतो. राखेच्या झिलईचे कप, फुलांसाठी उभट बरण्या, काळ्या वाडग्यांवर लोखंडी तांबडेपणा. किंमत बिगाऱ्याच्या चार दिवसांच्या मजुरीइतकी. भिंतीवरच्या पाटीत लिहिलं होतं की साधेपणा, अपूर्णता, निनावी कारागिराची नम्रता ही या कलेची तत्त्वं. आणि त्याच पाटीखाली कलावंताचं नाव ठळक अक्षरात! मला त्या 'निनावी'चा इतिहास शोधावासा वाटला.

तर ऐका. सोळाव्या शतकाच्या शेवटी जपानात तोयोतोमी हिदेयोशीची सत्ता होती. त्याचा चहागुरू सेन नो रिक्यू. साध्या झोपडीत, साध्या भांड्यात चहा घ्यावा, ही त्याची शिकवण. कोरियन वाडग्यांना तेव्हा अशा बैठकीत मोठा मान होता. या हिदेयोशीनंच 1591 साली रिक्यूला पोट चिरून घ्यायला लावलं, आणि 1592 साली कोरियावर फौजा घातल्या. 1597 साली पुन्हा. कापलेली नाकं मिठात घालून क्योटोला आणली. ती पुरलेला ढिगारा आजही त्या शहरात उभा आहे. 1598 साली हिदेयोशी मेला, फौजा परतल्या. येताना सरदारांनी लुटीत माणसं आणली. त्यांत कुंभार होते. म्हणून जपानातच या लढायांना 'भांड्यांची लढाई' असंही म्हणतात.

चोसन राज्यात, म्हणजे तेव्हाच्या कोरियात, कुंभार खालच्या पायरीवरचे. इकडे जपानात त्यांच्या भांड्यांना सोन्याचा भाव. माल उच्च आणि माणूस नीच, हे गणित आपल्याला शिकवायला नको.

या कैद्यांपैकी यी साम-प्योंग अरिता गावी पोचला. तिथल्या डोंगरात चिनी मातीचा दगड त्याला सापडला, असं परंपरा सांगते, साल 1616. जपानच्या पोर्सेलीनची ही सुरुवात मानतात. सतराव्या शतकाच्या मध्यापासून डच कंपनी हा माल जहाजं भरभरून युरोपला नेऊ लागली. पण युरोपात त्याचं नाव पडलं 'इमारी'. कारण माल इमारी बंदरातून चढत होता. म्हणजे भांड्याला मालकाचं नाव चालतं, बंदराचं नाव चालतं.

त्याच अरितात एक बाई होती. नवरा वारल्यावर तिनं शेकडो कोरियन माणसं बरोबर घेतली, अरितात भट्ट्या उभ्या केल्या. 1656 साली ती 96 वर्षांची होऊन वारली. वंशजांनी तिचा दगड उभारला. त्यावरचं हयाकुबासेन म्हणजे साधारण 'शंभरीची पुण्यवान म्हातारी'. हे झालं आदराचं बोलणं. तिच्या आईबापानं ठेवलेलं नाव मात्र हरवलं.

दक्षिणेकडे सात्सुमात शिमाझू सरदारानं आणलेली माणसं नाएशिरोगावा नावाच्या गावात वसवली. त्यांनी केलेल्या सुरुवातीच्या वाडग्यांना जपानीत 'हिबाकारी' म्हणतात. अर्थ असा की माती कोरियाची, झिलई कोरियाची, हात कोरियाचे. फक्त आग जपानची. या एका शब्दात सगळा हिशेब मांडलाय. आणि तरी भांडं सात्सुमाचं!

सरदारानं या गावाला वेगळं ठेवलं. जपानी नाव घ्यायचं नाही, जपानी कपडा घालायचा नाही. परकेपण राखायची सक्ती, म्हणजे माल अस्सल राहतो. पुढे मेइजी राजवट आली, सरदारकी गेली, आणि तेच कोरियन नाव लोढणं झालं. गावातल्या पार्क आडनावाच्या एका घरात 1882 साली मुलगा जन्मला. बापाचा धंदा सात्सुमाच्या भांड्यांचा. 1886 साली त्यानं पैसे मोजून एका सामुराई घराण्याचं 'तोगो' हे नाव मिळवलं. तो मुलगा तोगो शिगेनोरी. 1941 साली अमेरिकेशी युद्ध सुरू झालं तेव्हा तो जपानचा परराष्ट्रमंत्री होता. 1945 च्या शरणागतीच्या वेळीही तोच. त्याच गावच्या चिन जुकान घराण्यानं मात्र कोरियन आडनाव टाकलं नाही. त्यांच्या बाराव्या पुरुषानं 1873 च्या व्हिएन्ना प्रदर्शनात भांडी मांडली; आज पंधरावा पुरुष चाकावर आहे. एकानं नाव बदललं, एकानं धरून ठेवलं. भाड्यानं खोली शोधताना आडनाव सांगायचं की गिळायचं, या पेचातून गेलेल्या पोरांनी दोघांनाही समजून घ्यावं.

आता 'निनावी कारागीर' कुठून आला ते बघू. यानागी सोएत्सू हा बड्या घरातला, शिकलेला विचारवंत. माणूस वाईट नव्हता. 1919 साली कोरियन जनता जपानी सत्तेविरुद्ध रस्त्यावर उतरली तेव्हा त्यानं तिच्या बाजूनं लिहिलं. 1922 साली सोलमधली ग्वांगह्वामुन वेस पाडायला निघालेल्या सरकारला त्यानं विरोध केला. 1924 साली सोलमध्ये कोरियन लोककलेचं संग्रहालय काढलं. 1925 साली त्यानं आणि हामादा शोजी, कावाई कांजिरो या कुंभारांनी 'मिंगेई' हा शब्द काढला. म्हणजे लोकांची कला. गरिबाच्या रोजच्या भांड्यात सौंदर्य असतं, हे त्यानं ठासून सांगितलं. ते खरंच आहे.

पण पुढे तो म्हणाला की कारागिराला स्वतःला त्या सौंदर्याची जाणीव नसते. तो अहंकार सोडून, नकळत करत जातो, म्हणून भांडं सुंदर. यासाठी त्यानं बौद्ध विचाराचा आधार घेतला. इथं माझं भांडण आहे. अहंकार सोडायला आधी नाव असावं लागतं. ज्याला नावच मिळू दिलं नाही, त्यानं काय सोडायचं? हामादा आपल्या भांड्यांवर सही करत नसे. पण भांड्याच्या लाकडी पेटीवर त्याची सही असे, आणि 1955 साली तो सरकारमान्य 'जिवंत राष्ट्रीय ठेवा' झाला. कावाईनं असला मान नाकारला. नाकारता आला, कारण देऊ केला होता. इदोच्या कुंभाराला कोणी काय देऊ केलं?

यानागी 1924 साली क्योटोत राहायला आला. त्याच क्योटोत दोन वर्षांपूर्वी, 3 मार्च 1922 रोजी, बुराकू माणसांनी 'सुइहेइशा' ही संघटना उभारली होती. चामड्याची, कत्तलखान्याची कामं करणारी ही माणसं. 1871 साली कायद्यानं त्यांचा अस्पृश्य दर्जा रद्द झाला होता. गावानं केला नव्हता. समाज ज्या शब्दानं त्यांना शिवी देत होता, तोच शब्द त्यांनी आपल्या जाहीरनाम्यात ताठ मानेनं उच्चारला. निनावीपणाचा महिमा त्यांनी गायला नाही.

आपल्याकडे ही धाटणी आली तीही कळती माणसं घेऊन आली. गुरचरणसिंग 1919 साली जपानला शिकायला गेले, यानागी-हामादांना भेटले, परतून दिल्लीत भट्टी घातली. 1971 साली पाँडिचेरीत गोल्डन ब्रिज पॉटरी सुरू झाली. तिथल्या दोघा संस्थापकांपैकी डेबोरा स्मिथ जपानात बिझेनला शिकून आलेल्या. त्यांच्या हाताखाली अनेकजण तयार झाले. त्यांच्या कष्टाबद्दल मला आदर आहे. सवाल एवढाच की गावात बलुत्यावर रांजण, गाडगी, पणत्या देणारा कुंभार कुठल्या पाटीवर आहे? स्टुडिओत माती मळणारा, भट्टीत लाकूड सारणारा गडी कुठल्या पाटीवर आहे?

दोस्तांनो, अशा गॅलरीत जरूर जा. भांडी हातात घेऊन बघा, लाजू नका. मग मांडणाऱ्यांना विचारा: माती कुणी खणली? मळली कुणी? रात्रभर भट्टीपाशी कोण बसलं? उत्तर मिळालं तर तिथंच वहीत लिहून घ्या, माणसाच्या पूर्ण नावानिशी. आणि सुट्टीत गावी गेलात की म्हाताऱ्यांना विचारा, आपल्या वस्तीत दोर कोण वळत होतं, कातडं कोण कमावत होतं, हलगी कोण मढवत होतं. त्यांचीही नावं लिहा. मेलेल्यांची आधी, कारण ती सांगणारे दिवसेंदिवस कमी होत चाललेत.