33 फुटांची कुळकथा

कळमनुरीच्या शिवारातला एक गुंठा सातबाऱ्यावर 1.01 आर होतो. हा वरचा शतांश आला कुठून, याचा माग काढत गेलं की आपण थेट लंडनला पोचतो. 1620 च्या सुमारास एडमंड गुंटर या गणितज्ञाने जमीन मोजायला 66 फुटांची, 100 कड्यांची साखळी काढली. आपल्या मोजणीत आली ती बरोबर तिच्या निम्मी, 33 फुटांची. तिचा चौरस 1089 चौरस फूट, तोच आपला गुंठा.

गोल्डस्मिड आणि विंगेट या ब्रिटिश अधिकाऱ्यांनी इंदापुरात 1835 च्या सुमारास या मोजणीची घडी बसवली, दिवाण सालारजंगांच्या काळात ती निजामाच्या मराठवाड्यात उतरली. हे सगळ्यांना ठाऊक आहे. मला खरं नवल वाटलं ते साखळीच्या भागांचं. गुंटरचे 100 भाग दशांशाच्या सोयीचे होते. आपल्याकडे भाग पडले 16, आणि त्यांना म्हणायचं आणे! लांबी साहेबाची, हिशेब रुपयाचा. रुपया-आणे तोंडपाठ असलेल्या मोजणीदाराच्या हाती साखळी द्यायची, तर याहून शहाणी तडजोड मला सुचत नाही.

‘गुंठा’ हा शब्द ‘गुंटर’वरूनच आला, असंही छातीठोकपणे सांगतात. मला ते पटत नाही. कन्नडात गुंटे आहे, तेलुगूत गुंट आहे. शब्द दख्खनचाच, साहेबाने त्यात आपलं माप ओतलं. दुसरा पक्ष मापाचंही श्रेय मलिक अंबराच्या महसूलपद्धतीला देतो. पण दख्खनचा जुना हिशेब काठी-पांड-बिघ्याचा, 20 पांडांचा एक बिघा. त्यात एकराचे 40 गुंठे कुठे बसतात? इंग्रजी एकर म्हणजे मुळात साडेसोळा फुटांच्या 40 काठ्या लांब आणि 4 काठ्या रुंद पट्टा. लांबीच्या दर काठीमागे बरोबर एक गुंठा पडतो. आपले 40 तिथलेच, यावर मी ठाम आहे.

आता मोजणीचं जुनं टिपण समोर धरा. शेताच्या आकृतीत मधली रेघ, तिच्यावर दोन्हीकडून टाकलेले लंब, आणि एखाद्या लंबाशी 7-9 लिहिलेलं. म्हणजे 7 साखळ्या 9 आणे, मीटरमध्ये 76.07. देशभरच्या डिजिटल नकाशात प्रत्येक तुकड्याला अक्षांश-रेखांशांवरून 14 स्थळांचा भू-आधार क्रमांक मिळतो, आणि शेताच्या हद्दी मात्र अशाच टिपणांतून, गाव नकाशांतून संगणकावर चढतात. एक आणा म्हणजे 2 फूट पाऊण इंच, जवळपास 63 सेंटिमीटर. ज्याने लंब जवळच्या आण्यापर्यंत लिहिला, त्याच्याकडून आपण उपग्रहाच्या आधारे मोजणाऱ्या रोव्हर यंत्राच्या सेंटिमीटरचा जाब मागतो. त्यात आपली काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळते, पावसात फुगते आणि हद्दीचा दगड हलवते. म्हणून नव्या नकाशात मीटरच्या आकड्याशेजारी साखळी-आण्याचा मूळ आकडाही राहायलाच हवा. बांधावर दोन भाऊ हातघाईवर आले, की मोजणीदाराला आधी तोच पाहावा लागेल.