जुना संगणक आणि बिनतारी जाळे

राजगुरुनगरहून नाशिक रस्त्याने पुढे गेले की नारायणगावजवळ आर्वी हे गाव आहे. विक्रम साराभाईंचे नाव दिलेले उपग्रह भू-केंद्र तेथे १९७० च्या दशकाच्या आरंभी उभे राहिले आणि परदेशांशी दूरध्वनी-संपर्क उपग्रहामार्गे होऊ लागला. त्याच सुमारास, १९७१ साली, हवाई विद्यापीठात नॉर्मन अब्रॅमसन यांनी निरनिराळ्या बेटांवरची टर्मिनले रेडिओलहरींनी एका संगणकाला जोडली. या जाळ्याचे नाव 'अलोहा'. त्यात नियम सोपा होता. दोघे एकदम बोलले आणि संदेश बिघडले, तर प्रत्येकाने वेगवेगळा वेळ थांबून पुन्हा बोलायचे. (वर्गात हा नियम लावून पाहावा!) आजच्या वाय-फायच्या मुळाशी हीच कल्पना आहे; फक्त बोलण्याआधी कानोसा घेण्याची शिस्त नंतर आली.

आपल्याकडे शाळांत संगणक आला तो १९८४ मध्ये, 'क्लास' या सरकारी प्रकल्पातून. आरंभी सुमारे अडीचशे शाळा निवडल्या होत्या आणि यंत्र होते बीबीसी मायक्रो. त्याची स्मृती ३२ किलोबाइट, घड्याळाचा वेग २ मेगाहर्ट्झ. बिनतारी संपर्काची सोय अर्थातच नव्हती. शिवाय १९३३ च्या कायद्यानुसार बिनतारी उपकरण बाळगायलाच परवाना लागे. साध्या रेडिओचा परवानाही पोस्टात नूतन करावा लागत असे, हे जुन्या शिक्षकांना आठवेल. वाय-फायचे पहिले मानक १९९७ साली ठरले. त्या पट्ट्यातील कमी शक्तीच्या उपकरणांना आपल्याकडे पूर्ण मोकळीक मिळायला २००५ साल उजाडले.

आता एक कोडे. शाळेच्या कपाटात दोन संगणक आहेत. एक बीबीसी मायक्रो आणि दुसरा २००० सालचा, वाय-फाय कार्ड असलेला लॅपटॉप. आजच्या राउटरला कोणता सहज जोडता येईल?

उत्तर बहुधा अनपेक्षित वाटेल: पहिला. लॅपटॉपच्या कार्डाला 'वेप' ही एकच कुलूपपद्धत येते. ती कशी फोडता येते हे २००१ मध्येच गणितज्ञांनी दाखवून दिले. २००४ पासून डब्ल्यूपीए-२ रूढ झाली आणि आजचे राउटर वेपला दारातच उभे करत नाहीत. काही जण एका जुन्या यंत्रासाठी राउटरचे कुलूपच ढिले करतात. तसे मुळीच करू नये. त्याच जाळ्यावर शाळेच्या कार्यालयाचा संगणक असतो, आणि मुलांची माहिती त्यात असते.

बीबीसी मायक्रोला कुलूप ठाऊकच नाही. त्याच्या मागे एक साधे क्रमिक द्वार आहे, ज्यातून एकामागून एक बिट बाहेर पडतात. ते द्वार मॉडेमशी बोलण्यासाठी होते. मॉडेमची भाषा १९८१ मध्ये अमेरिकेतील हेज कंपनीने रूढ केली. प्रत्येक आज्ञेआधी 'एटी' ही अक्षरे, म्हणजे 'अटेन्शन': शाळेच्या कवायतीतला 'सावधान'च! २०१४ पासून ईएसपी-८२६६ ही बोटाएवढी स्वस्त चकती मिळू लागली. ती मॉडेमचे सोंग घेते. संगणकाने दूरध्वनी क्रमांकाऐवजी दुसऱ्या यंत्राचा पत्ता 'फिरवायचा'. पासवर्ड, सांकेतिक लिपी, सारा व्यवहार चकती पाहते. गंमत म्हणजे तिचे घड्याळ ८० मेगाहर्ट्झचे, मालकाच्या चाळीसपट.

एक काळजी घ्यावी. चकतीला ३.३ व्होल्टच सोसतात आणि क्रमिक द्वारावर विद्युतदाब अधिक, तोही धन-ऋण दोन्ही असतो. मध्ये दाब बदलणारी चिप न घातल्यास चकती जळते.

एवढे करूनही आजची संकेतस्थळे या पडद्यावर दिसणार नाहीत. त्यांची सांकेतिक लिपी सोडवणे ३२ किलोबाइटच्या आवाक्याबाहेरचे आहे. पण शाळेतल्याच दुसऱ्या संगणकाने पाठवलेला साधा मजकूर, उदाहरणार्थ दर तासाच्या तापमानाची नोंद, तो ओळीओळीने छापत जातो.