वर्गातून रुग्णाच्या खाटेपर्यंत

आनंदीबाई जोशी १८८६ साली फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयातून एम.डी. झाल्या, हे आपल्या घरातल्या मुलांनाही ठाऊक असते. पण त्यांच्या वाटेतले काटे आधी कोणी वेचले, हे आपण क्वचितच सांगतो.

हे कॉलेज १८५० साली निघाले. वर्गात व्याख्याने होत. पण रोगी तपासायला मिळत नसत. शहरातल्या मोठ्या रुग्णालयांची दारे विद्यार्थिनींना बंद होती. आम्ही रसायनशास्त्रवाले जाणतो, की नुसते पुस्तक वाचून टायट्रेशन हातात बसत नाही. मग नाडीपरीक्षा कशी बसणार? कॉलेजच्या पहिल्या तुकडीतल्या डॉ. अ‍ॅन प्रेस्टन यांनी पुढाकार घेतला आणि १८६१ मध्ये स्त्रियांचे स्वतंत्र रुग्णालयच उभे राहिले.

६ नोव्हेंबर १८६९ रोजी विद्यार्थिनी पेनसिल्व्हेनिया हॉस्पिटलमध्ये शिकायला गेल्या, तेव्हा तिथल्या पुरुष विद्यार्थ्यांनी त्यांची हुर्यो उडवली, कागदाचे बोळे फेकले. मुली जागच्या हलल्या नाहीत.

१८८३ साली आनंदीबाई आल्या, तेव्हा खाटेजवळ उभे राहून शिकण्याची सोय तयार होती. कोल्हापूरच्या रुग्णालयातली नेमणूक हाती असतानाच १८८७ मध्ये त्या गेल्या. मुलांना त्यांची गोष्ट सांगताना प्रेस्टनबाईंचेही नाव घेऊ या.