एका पौंडाला विकलेली दुकानं

मंडळी, मघाशी चहाच्या वेळी एकांनी मला विचारलं, तत्त्वज्ञानाच्या माणसाला हार्डवेअरच्या दुकानांत काय रस? प्रश्न रास्त आहे. मला अजून खिळा सरळ ठोकता येत नाही. पण माझा भाचा मेलबर्नला असतो. त्याच्याकडे गेलो होतो तेव्हा शनिवारी सकाळी तो मला एका प्रचंड शेडमध्ये घेऊन गेला, आपण पाहुण्यांना देवदर्शनाला नेतो तसा. दुकानाचं नाव बनिंग्ज. दाराशी कुठल्याशा शाळेचे पालक सॉसेज भाजून विकत होते, पैसे शाळेला जाणार होते. भाच्याला हवा होता नळाचा एक वायसर. आम्ही बाहेर पडलो दीड तासाने, रंगाचा डबा, दोन रोपं आणि एक शिडी घेऊन. वायसर राहिलाच.

हे दुकान २०१६ साली इंग्लंडला गेलं आणि २०१८ साली परत आलं. त्या दोन वर्षांची गोष्ट मला आज सांगायची आहे.

आधी थोडं मागे जाऊ. बनिंग हे आडनाव मुळात इंग्रजांचंच. आर्थर आणि रॉबर्ट हे दोन बनिंग बंधू इंग्लंडहून निघून पश्चिम ऑस्ट्रेलियात पर्थला पोचले आणि १८८६ साली त्यांनी बांधकामाचा धंदा सुरू केला. पुढे लाकूड, लाकडाच्या गिरण्या, मग इमारतीचं सामान. १९९४ मध्ये ही कंपनी पूर्णपणे वेसफार्मर्सच्या हाती गेली. वेसफार्मर्सचा जन्म १९१४ मधला, पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या शेतकऱ्यांची सहकारी संस्था म्हणून. आपल्याकडच्या सहकारी साखर कारखान्यांच्या पट्ट्यातून आलेल्या श्रोत्यांना हे ऐकून गंमत वाटेल, की शेतकऱ्यांची एक संस्था वाढत वाढत देशातल्या सर्वांत मोठ्या कंपन्यांपैकी एक झाली. त्याच १९९४ साली मेलबर्नच्या सनशाइन भागात बनिंग्जचं पहिलं गोदामवजा दुकान उघडलं. उंच मांडण्या, सिमेंटची जमीन, सजावट शून्य, आणि एक वचन: हीच वस्तू कुठे स्वस्त मिळाली तर त्याहून दहा टक्के कमी भावाने आम्ही देऊ.

आता एक योगायोग बघा. ऑस्ट्रेलियातली वूलवर्थ्स ही मोठी किराणा कंपनी आणि अमेरिकेतली लोज ही घरदुरुस्तीच्या सामानाची कंपनी, या दोघांनी मिळून बनिंग्जच्या विरोधात मास्टर्स नावाची दुकानं काढली. पहिलं २०११ मध्ये, मेलबर्नमध्येच. लोजला अमेरिकेतला दांडगा अनुभव, वूलवर्थ्सकडे दांडगा पैसा. तरी धंदा बुडाला. जानेवारी २०१६ मध्ये वूलवर्थ्सने जाहीर केलं की आम्ही यातून बाहेर पडतोय. आणि त्याच महिन्यात वेसफार्मर्सने जाहीर केलं की आम्ही ब्रिटनमधली होमबेस ही साखळी ३४ कोटी पौंडांना विकत घेतोय! शेजाऱ्याचं घर डोळ्यांदेखत जळालं, आणि ज्याने ते पाहिलं तो दुसऱ्या दिवशी काडेपेटी घेऊन परगावी निघाला.

होमबेस म्हणजे काय होतं? १९७९ मध्ये सेन्सबरी या किराणा कंपनीने एका बेल्जियन कंपनीच्या भागीदारीत ते सुरू केलं. पहिलं दुकान १९८१ मध्ये क्रॉयडनला. विकलं गेलं तेव्हा अडीचशेहून जास्त दुकानं होती. तिथे खिळे-मोळे मिळत, पण लोक तिथे उशा, दिवे, पडदे, बागेतल्या कुंड्या यांसाठीही जात. आतमध्ये लॉरा अ‍ॅशली आणि हॅबिटॅट यांचे विभाग होते, म्हणजे नक्षीची कापडं आणि नीटनेटकं फर्निचर. ड्रिल मशीन घेणारा सुतार हा त्यांचा मुख्य गिऱ्हाईक नव्हता. रविवारी नवीन पडद्यांचा विचार करणारं जोडपं हा होता.

ऑस्ट्रेलियन मंडळींनी ताबा घेतल्याबरोबर होमबेसचं वरचं व्यवस्थापन जवळजवळ सगळं काढून टाकलं. लॉरा अ‍ॅशली आणि हॅबिटॅटचे विभाग बंद केले. सजावटीचा माल कमी केला, रोज कमी भाव हे धोरण आणलं. फेब्रुवारी २०१७ मध्ये लंडनच्या उत्तरेला सेंट ऑल्बन्सला पहिलं बनिंग्ज उघडलं, सॉसेजसकट. एकूण चोवीस दुकानं अशी बदलली गेली. उरलेल्या दोनशेहून अधिक दुकानांवर पाटी होमबेसचीच, पण जुनं गिऱ्हाईक ज्यासाठी यायचं ते बरंचसं आत उरलं नव्हतं, आणि नवं गिऱ्हाईक यायला ते बनिंग्जही नव्हतं. मला वाटतं, खरा तोटा या अधांतरी दुकानांत झाला.

हा सगळा ऑस्ट्रेलियन अहंकार होता, असं ब्रिटिश वर्तमानपत्रांतून बरंच लिहून आलं. असेलही. पण अहंकार हे फार सोपं उत्तर आहे. ते दिलं की विचार थांबतो. मला इथे आपल्या नैयायिकांची आठवण होते.

तर्कसंग्रह ज्यांनी वाचलाय त्यांना माहीत आहे. धूर दिसला की अग्नी आहे असं अनुमान करता येतं. उलट करता येत नाही. अग्नी आहे म्हणून धूर असेलच असं नाही. लोहाराच्या भट्टीतला लालबुंद लोखंडाचा गोळा घ्या, अग्नी आहे, धूर कुठाय? धूर निघायला ओलं इंधन लागतं. या ओल्या इंधनाला अन्नंभट्ट उपाधी म्हणतात, म्हणजे अनुमानात न सांगितलेली, पण जिच्या जोरावर ते चालत होतं ती अट. आता गंमत अशी, की ज्या गावात सगळंच सरपण ओलं असतं तिथे जन्म काढलेल्या माणसाला ही अट कधी दिसणारच नाही. त्याला आयुष्यभर चुलीतून धूरच दिसला. तो शपथेवर सांगेल की अग्नी तिथे धूर.

बनिंग्जचं अनुमान असं होतं: मोठं गोदाम, कमी भाव, तिथे नफा. वीस वर्षं हे खरं ठरलं होतं. पण कशाच्या जोरावर? ऑस्ट्रेलियाच्या २०१६ च्या जनगणनेत सुमारे ७३ टक्के घरं स्वतंत्र, म्हणजे कुणाच्या भिंतीला भिंत न लागलेली होती. मागे अंगण, गवत कापायचं यंत्र, बार्बेक्यू, लाकडी कुंपण, आणि वर्षातले कितीतरी महिने बाहेर उभं राहून काम करता येईल अशी हवा. इंग्लंडात घरं बहुतेक एकमेकांना चिकटलेली, अंगण हातभर, आणि हवेबद्दल मी काय बोलू. त्यातून घरमालकी घसरत चाललेली. इंग्लंडमध्ये २००३ च्या सुमारास ७१ टक्के कुटुंबं स्वतःच्या घरात राहत होती, २०१६ पर्यंत ती ६३ टक्क्यांवर आली. भाड्याच्या घराची फरशी कोण बदलतो हो? बरं, स्पर्धा म्हणाल तर बी अँड क्यू १९६९ पासून पाय रोवून बसलेलं. त्याच्याच मालकांचं स्क्रूफिक्स, छोटी छोटी दुकानं, आधी मागणी नोंदवायची आणि काउंटरवरून माल उचलायचा. प्लंबरला गोदामात भटकायला वेळ नसतो.

हे सगळे आकडे उघड होते. ते कुणालाच दिसले नाहीत असं मी म्हणत नाही. पण आकडा वाचणं वेगळं आणि आपल्या यशाची ही अट होती हे कळणं वेगळं. उपाधी जिथे हजर असते तिथे ती दिसत नाही, जिथे नसते तिथेच दिसते. मग ज्याला परगावी जायचंय त्याने ती कुणाला विचारायची? त्या गावात ज्यांनी चुली पेटवल्यात त्यांना. होमबेसच्या जुन्या व्यवस्थापकांना कदाचित नीट मांडता आलं नसतं, पण कुठल्या दुकानात मार्च महिन्यात काय खपतं हे त्यांच्या अंगात मुरलेलं होतं. ते नेमके पहिल्या फटक्यात बाहेर गेले. मला या प्रकरणात सर्वांत जास्त खटकतं ते हे.

चीनमध्ये अमेरिकेच्या होम डेपोचं असंच झालं. २००६ मध्ये बारा दुकानं घेतली, २०१२ मध्ये उरलेली सात मोठी दुकानं बंद केली. तिथल्या शहरात नवा फ्लॅट घेतलेला माणूस कारागीर बोलावतो, स्वतः करवत धरत नाही. हे पुण्यात बसून आपल्याला सांगायला नको. आपल्या घरी सुतार येतो, पाट्यावर बसून चहा पितो, आणि कुठलं लॅमिनेट घ्यायचं ते तोच ठरवतो.

असो. फेब्रुवारी २०१८ मध्ये वेसफार्मर्सने ब्रिटनच्या धंद्यापोटी सुमारे एक अब्ज ऑस्ट्रेलियन डॉलर हिशेबातून कमी केले. खरेदीनंतर आपणच घेतलेल्या निर्णयांचा या तोट्यात मोठा वाटा आहे, हे कंपनीच्या नव्या प्रमुखांनी, रॉब स्कॉट यांनी, मान्य केलं. हे प्रांजळपण कमी बघायला मिळतं. मे महिन्यात सगळी साखळी हिल्को या कंपनीला एक पौंडाला विकली. एक पौंड! भागधारकांना दुखलं, पण ऑस्ट्रेलियातलं बनिंग्ज जोरात होतं, त्यातून ते सावरले. त्याच वर्षी तिकडे देशभर वाद काय रंगला, तर सॉसेजखाली कांदा घालायचा की वर. कांदा खाली पडून कुणी घसरू नये म्हणून बनिंग्जने खाली घालायला सांगितलं होतं.

इकडे ब्रिटनमध्ये ऑगस्टमध्ये होमबेसने ४२ दुकानं बंद करण्याची योजना मांडली, सुमारे १,५०० नोकऱ्यांवर गदा. काउंटरवरच्या त्या बाया-माणसांचं अनुमान कुठेच चुकलं नव्हतं, त्यांना कुणी अनुमान विचारलंच नव्हतं. चोवीस बनिंग्जवर पुन्हा होमबेसच्या पाट्या लागल्या, सेंट ऑल्बन्सलाही. होमबेस त्यानंतर सहा वर्षं कसंबसं चाललं आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेलं. नाव आणि काही दुकानं द रेंज या साखळीच्या मालकांनी घेतली.

प्रश्न असतील तर आता घेऊ या. मागच्या रांगेतल्या ताई मघापासून हात वर करून बसल्यात, त्यांना आधी माइक द्या.