जलजीवालयातील ऑस्कर मासा

सिक्लिडी कुलातील हा मोठा मासा मूळचा ॲमेझॉन नदीच्या खोऱ्यातील असून त्याचे शास्त्रीय नाव ॲस्ट्रोनोटस ओसेलेटस असे आहे. स्पिक्स व मार्टिउस यांनी ब्राझीलच्या सफरीत (१८१७–२०) जमविलेल्या माशांच्या आधारे लुई आगासीझ यांनी १८३१ मध्ये त्याचे वर्णन केले. मात्र तो सागरी आहे, अशी त्यांची चुकीची समजूत होती. शेपटीच्या बुडाशी असलेल्या डोळ्यासारख्या ठिपक्यावरून त्याला ‘ओसेलेटस’ हे जातिनाम मिळाले.

रॉबर्ट वॉरिंग्टन यांनी १८५० मध्ये लंडन येथे सोनमासे, पाणवनस्पती व गोगलगायी एकत्र ठेवून पाण्याचा समतोल टिकविता येतो, असे दाखविले. गृह जलजीवालयाचा पाया या तत्त्वावर घातला गेला. ऑस्करला मात्र ते लागू पडत नाही. तो वनस्पती उपटतो, तळाची वाळू उकरतो आणि मांसाहारी असल्याने त्याच्या उत्सर्गातून पाण्यात पुष्कळ अमोनिया मिसळतो. या अमोनियाचे प्रथम नायट्राइटात व नंतर कमी विषारी नायट्रेटात रूपांतर करणाऱ्या सूक्ष्मजंतूंना आश्रय देणारी गाळणयंत्रे, तसेच धातूच्या चौकटीऐवजी सिलिकोनने सांधलेल्या काचेच्या मोठ्या टाक्या विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात प्रचारात आल्या आणि असे मासे घरी पाळणे सुकर झाले.

तथापि दुकानात विकत मिळणारे पाच-सहा सेंमी. लांबीचे पिल्लू पुढे ३० सेंमी.हून अधिक वाढते. टाकी अपुरी पडू लागली म्हणजे काही पालक तो जवळच्या पाण्यात सोडून देतात. अमेरिकेतील फ्लॉरिडा राज्याच्या दक्षिण भागात, एव्हरग्लेड्स दलदलीसह, तो आता स्थायिक झाला आहे. तेथील ऑस्कर व तिलापिया यांना आळा घालण्यासाठी १९८४ मध्ये पीकॉक बास हा दुसरा दक्षिण अमेरिकी सिक्लिड मुद्दाम सोडावा लागला.

भारतालाही या कुलाचा असा अनुभव आहे. खाण्यासाठी १९५२ मध्ये आणलेला मोझँबीक तिलापिया अनेक जलाशयांत पसरून स्थानिक माशांचा प्रतिस्पर्धी ठरला. म्हणून ऑस्कर पाळणाऱ्याने पूर्ण वाढीस पुरेल एवढी टाकी आधीच योजावी. मासा नकोसा झाल्यास तो दुसऱ्या पालकाकडे द्यावा. नदी-तलावांत कदापि सोडू नये.