गाडीचं अ‍ॅव्हरेज कशाशी ताडायचं? वाहनखर्चाचे मानदंड आणि त्यांचा वापर

पाच-दहा ट्रक बाळगणाऱ्या मालकाला महिन्याचं डिझेलचं बिल तोंडपाठ असतं. पण किलोमीटरमागे गाडीला खर्च किती, असं विचारलं की बहुतेकांना कागद-पेन लागतो. बिल वाढलं ते गाडी जास्त पळाली म्हणून, की इंजिन डिझेल प्यायला लागलं म्हणून, हे नुसत्या बिलावरून कळत नाही. त्यासाठी ताडून बघायला एक माप लागतं. त्यालाच मानदंड, म्हणजे बेंचमार्क म्हणतात.

सरकारी बसना ही पद्धत जुनीच आहे. महाराष्ट्राची एसटी (स्थापना १९४८), गोव्याची कदंब (१९८०) आणि हुबळीत मुख्यालय असलेली वायव्य परिवहन (१९९७) यांसारखी महामंडळं ठरावीक मापांनी कामगिरी मोजतात. लिटरमागे किलोमीटर, किलोमीटरमागे उत्पन्न आणि खर्च, एका बसचे रोजचे किलोमीटर, ताफ्यातल्या किती टक्के गाड्या प्रत्यक्ष रस्त्यावर आहेत, दहा हजार किलोमीटरमागे ब्रेकडाऊन किती, अशी ही मापं. देशभरातल्या महामंडळांची अशी आकडेवारी भोसरी (पुणे) येथील केंद्रीय रस्ते वाहतूक संस्थेकडे, म्हणजे सीआयआरटीकडे, एकत्र होत आली आहे.

मात्र तुलना सारख्याची सारख्याशी हवी. बेळगावहून चोर्ला घाटाने पणजीला जाणारी गाडी आणि पुणे-बेंगळूर महामार्गावर धावणारी गाडी यांचं अ‍ॅव्हरेज एका रकान्यात मांडून घाटातल्या ड्रायव्हरला बोल लावणं हा शुद्ध अन्याय आहे. गाडीचं वय, वजन, रस्ता, रिकामी परतफेरी, सगळं धरावं लागतं. सवलतींचंही तसंच. २०२३ मध्ये कर्नाटकात महिलांना मोफत प्रवास सुरू झाला, महाराष्ट्रात निम्म्या तिकिटाची सवलत मिळाली. त्याआधीचे आणि नंतरचे गर्दीचे आकडे सरळ जोडता येत नाहीत.

छोट्या मालकासाठी हिशेब अवघड नाही. महिन्याला १०,००० किलोमीटर धावणारा ट्रक लिटरला ४ ऐवजी ४.५ किलोमीटर देऊ लागला, तर २,५०० लिटरच्या जागी सुमारे २,२२२ लिटर लागतं. डिझेल ९० रुपये धरलं तर एका गाडीमागे २५,००० रुपये वाचतात. अ‍ॅव्हरेज काढताना मात्र टाकी फुल ते टाकी फुल असंच मोजावं, अंदाजाने नको.

दुसरी बाजू स्थिर खर्चाची. हप्ता, विमा, टॅक्स, ड्रायव्हरचा पगार मिळून समजा ६०,००० रुपये होतात. गाडी ६,००० किलोमीटर पळाली तर किलोमीटरला १० रुपये पडतात, १०,००० पळाली तर ६. म्हणजे अ‍ॅव्हरेज उत्तम, पण गाडी महिन्यातले दहा दिवस गॅरेजच्या दारात, असा ताफा तोट्यातच जातो. बऱ्याच मालकांचं लक्ष डिझेलवर असतं आणि उभ्या गाडीकडे कुणी बघत नाही.

एकाच आकड्यावर बक्षीस किंवा दंड लावला की भलतंच घडतं. अ‍ॅव्हरेजवर इनाम ठेवलं तर काही ड्रायव्हर घाटउतारावर गाडी न्यूट्रल करतात. इंजिनाचा रोध सुटतो, सगळा भार ब्रेकवर येतो, ब्रेक तापतात आणि लागेनासे होतात. शिवाय नव्या इलेक्ट्रॉनिक इंजिनात गियरमध्ये उतरताना अ‍ॅक्सिलरेटर सोडला की डिझेलचा पुरवठा आपोआप बंद होतो, न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला डिझेल लागतंच. जीव धोक्यात, बचत शून्य. म्हणून अ‍ॅव्हरेजच्या रकान्याशेजारी अपघात, ब्रेकडाऊन आणि ब्रेक लायनर किती दिवस टिकले याचेही रकाने हवेत.

सुरुवात दुसऱ्याच्या आकड्यांपासून करू नये. आपल्याच गाड्यांची मागच्या बारा महिन्यांची लॉगबुकं काढून मार्गवार सरासरी लावावी. एकाच मार्गावरच्या दोन सारख्या गाड्यांत फरक दिसला तर आधी टायरची हवा, एअर फिल्टर आणि व्हील अलाइनमेंट तपासावं, ड्रायव्हरला जाब त्यानंतर विचारावा.